व्यवसायाचा रकाना

१८६० चा संस्था नोंदणी कायदा मराठीच्या प्राध्यापकांनी एकदा तरी वाचावा. तो 'वाङ्मयीन, शास्त्रीय व धर्मादाय' संस्थांसाठी केलेला कायदा आहे. म्हणजे ज्यांच्या नोंदणीची चिंता त्या काळच्या कायदेकारांनी केली त्यांत वाङ्मयाचा क्रम पहिला होता. त्याच्या दुसऱ्या कलमात संस्थेच्या घटनापत्रात काय असावे ते सांगितले आहे. संस्थेचे नाव हवे, उद्दिष्टे हवीत, आणि कारभार पाहणाऱ्या मंडळातील प्रत्येकाचे नाव, पत्ता व व्यवसाय हवा. चौथ्या कलमानुसार ही यादी दरवर्षी नव्याने दाखल करावयाची असते, आणि तीतही नाव, पत्ता, व्यवसाय हे तीन रकाने असतात.

यांपैकी तिसऱ्या रकान्याबद्दल आम्हांस बोलायचे आहे. महाराष्ट्रातील बहुतेक खाजगी शिक्षणसंस्था या कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा दुहेरी नोंदलेल्या असतात. त्यामुळे आपल्या महाविद्यालयाचा कारभार कोण पाहतो आणि तो माणूस पोटासाठी काय करतो, हे निदान कागदावर तरी सरकारदरबारी नमूद असते. अशी यादी ज्याने कधी हाताळली आहे त्याला तिसऱ्या रकान्यातील शब्दसंपदा किती तोकडी असते हे ठाऊक आहे. 'शेती' हा पहिला शब्द. 'समाजसेवा' हा दुसरा. क्वचित 'शेती व समाजसेवा'. मध्येच एखादा वकील, एखादा डॉक्टर, एखादा 'उद्योग'. साखर कारखान्याचा अध्यक्ष शेती करतो, दूध संघाचा संचालक शेती करतो, सहकारी बँकेचा उपाध्यक्ष शेती करतो, आणि बापाच्या जागी आलेला मुलगा समाजसेवा करतो. यात खोटे काही नाही. सातबारा प्रत्येकाकडे असतो. पण ज्या माहितीसाठी रकाना आखला ती माहिती सोडून बाकी सर्व त्यात लिहिले जाते.

शब्दांचा विषय निघाला म्हणून हेही पाहावे. कायदा ज्याला 'विश्वस्त' म्हणतो त्याला वर्तमानपत्रे 'संस्थाचालक' म्हणतात, स्टाफरूममध्ये त्याला 'मॅनेजमेंट' म्हणतात, आणि शिपाई, ज्याला परिभाषेची भीड नसते, 'मालक' म्हणतो. चालक म्हटला की त्याच्याकडे परवाना आहे का हे विचारण्याची सोय तरी असते. मॅनेजमेंट या शब्दाने तीही गेली, कारण मॅनेजमेंट म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. तो हवामानासारखा काही प्रकार आहे. 'मॅनेजमेंटचं मत नाही' हे वाक्य आपण जितक्या सहज उच्चारतो तितक्या सहज 'पाऊस नाही' असेही म्हणतो.

येथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा. विश्वस्त उच्चशिक्षित असावेत, पदवीधर असावेत, अशी मागणी मधूनमधून होते आणि ती करण्यात प्राध्यापक पुढे असतात. ही मागणी आम्हांस मान्य नाही. ज्या शिरोली औद्योगिक वसाहतीच्या परिसरात राहून आम्ही हे लिहीत आहोत ती हातकणंगले तालुक्यात येते, आणि याच तालुक्यातील कुंभोज गावी १८८७ मध्ये भाऊराव पाटलांचा जन्म झाला. त्यांचे शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या या गृहस्थांचा त्या वेळचा व्यवसाय रकान्यात लिहायचा तर 'नांगरांची विक्री' असा लिहावा लागला असता. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर घेऊन ते गावोगाव फिरले. पुढे साताऱ्याच्या कूपर यांच्या कारखान्याशी त्यांचा संबंध आला आणि तुटला. नांगर विकायला जाणारा माणूस शेतकऱ्याच्या अंगणात बसतो, त्याच्याकडे पैसे का नाहीत हे त्याला कळते, त्याचा पोरगा गुरांमागे का आहे हेही कळते. रयतेची शिक्षणाची गरज भाऊरावांना कोणत्या अहवालातून समजली नव्हती. व्यवसायाचा रकाना महत्त्वाचा आहे असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने. पदवीपेक्षा तो अधिक सांगतो: हा माणूस रोज कोणाच्या दारात उभा राहतो, आणि याच्या दारात रोज कोण उभे राहते.

भाऊरावांच्याच चरित्रात याची दुसरी बाजूही आहे. कोल्हापुरात विद्यार्थी असताना ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. कोल्हापूरची बोर्डिंगे ही शाहू छत्रपतींची मोठी कामगिरी; १९०१ पासून एकेका समाजासाठी ती उभी राहिली आणि त्या त्या समाजातील मंडळींनी ती चालवली. 'समुदायाची संस्था' म्हणून आज जे गौरवाने सांगितले जाते त्याचे हे आद्य रूप होते. त्या रूपाने हजारो मुलांना छप्पर दिले, आणि त्याच रूपाने एका मुलाला दारही दाखवले. ज्याला ते दाखवले त्याने १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह काढले आणि त्याला शाहूंचेच नाव दिले. तेव्हा समुदायाच्या हाती कारभार असला की झाले, असे आम्ही म्हणत नाही. समुदायातील कोण, एवढेच विचारतो.

शाहूंना हा प्रश्न नीट कळला होता. १९१९ मध्ये त्यांनी राजाराम कॉलेजचा कारभार आर्य समाजाकडे सोपवला. राजाने स्थापलेले, राज्याच्या पैशावर चाललेले कॉलेज उत्तर हिंदुस्थानातील एका सभेच्या स्वाधीन करायचे, हा निर्णय आजही चमत्कारिक वाटतो. परंतु वेदोक्त प्रकरणानंतरची दोन दशके ध्यानात घेतली तर त्यातील हिशेब दिसतो. कारभारी कोणत्या घरातून येतात यावर कॉलेजात कोण टिकणार हे ठरते, म्हणून कारभारी बदलायचे. मूळचे पंजाबातले डॉ. बाळकृष्ण १९२२ पासून तेथे प्राचार्य झाले आणि पुढे त्यांनी शिवचरित्राचे खंड लिहिले. हा प्रयोग सर्वस्वी यशस्वी झाला असे कोणी म्हणणार नाही. पण कारभाऱ्यांच्या पार्श्वभूमीचा विचार उघडपणे, धोरण म्हणून करणारा राज्यकर्ता या शहराला मिळाला होता. त्याचे पुतळे उभारणाऱ्या संस्था स्वतःच्या कारभाऱ्यांबद्दल हा विचार करू देत नाहीत.

पुण्याने दुसरी वाट काढली होती. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिकवणारेच आजीव सभासद आणि आजीव सभासदच कारभारी. (या मंडळींपैकी टिळक व आगरकर यांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले ते कोल्हापूरच्या दिवाणावरील लेखनापायी. आपल्या शहराने पुण्याच्या शिक्षणाला केलेली ही मदत सहसा कोणी मोजत नाही.) १८९० मध्ये टिळक बाहेर पडले त्या वादातला मुख्य मुद्दा कोणता? आजीव सभासदाने बाहेरचे उत्पन्न घ्यावे की नाही. म्हणजे व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द असावा की दोन. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या प्रश्नावर माणसे राजीनामा देत होती, याचे आज हसू येते. त्या मंडळाची जातीय चौकट अरुंद होती हे खरेच, आणि ती चौकट मोडण्यासाठीच रयतसारख्या संस्था निघाल्या. पण रयतनेही आजीव सेवकांची कल्पना टाकली नाही. शिकवणाऱ्याला कारभारात जागा, ही गोष्ट दोन्ही परंपरांनी मानली होती. ती सोडली आमच्या पिढीने.

सोडली म्हणजे कशी? १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यानंतरच्या चार दशकांचा इतिहास येथे उगाळण्याची गरज नाही. 'शिक्षणसम्राट' हा शब्द मराठीत कसा रुजला ते सर्वांना ठाऊक आहे, आणि तो रुजल्यानंतर १९८७ मध्ये याच राज्याला देणगीशुल्काविरुद्ध कायदा करावा लागला हेही. आम्हांस एका निकालाकडे लक्ष वेधायचे आहे. टी. एम. ए. पै प्रकरणात ३१ ऑक्टोबर २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की शिक्षणसंस्था स्थापणे व चालवणे हा राज्यघटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदातील व्यवसायस्वातंत्र्याचा भाग आहे. नफेखोरी मात्र करता येणार नाही. न्यायालयात जाऊन 'हा आमचा व्यवसाय आहे' हे मान्य करवून घेतल्यावर निबंधकाकडे दाखल करायच्या यादीत मात्र तो व्यवसाय कोणी लिहीत नाही. न्यायालयात व्यवसाय आणि निबंधकाकडे समाजसेवा. एकाच घरातील माणसाने दोन कचेऱ्यांत दोन जबान्या द्याव्यात तसे हे आहे.

आता शिरोलीकडे येऊ. महामार्गाच्या कडेने पसरलेली ही वसाहत ओतकामाची आहे. भट्ट्या, वाळूचे साचे, कोअर, फेटलिंग, यंत्रकाम. मोटारी आणि इंजिने यांचे सुटे भाग येथून देशभर जातात. आमच्या वर्गांत बसणाऱ्या मुलामुलींपैकी कित्येकांचे वडील मोल्डर आहेत, कित्येकांची आई कोअर करते, आणि कित्येक मुले स्वतः ठेकेदारामार्फत रात्रपाळी करून सकाळच्या तासाला येतात. तास सुरू असताना ती झोपतात. आम्ही त्यांना उठवत नाही. सामुदायिक महाविद्यालय ही कल्पना मुळात अशाच वस्तीसाठी आहे: जवळच्या लोकांना, त्यांच्या वेळेत, त्यांच्या कामाशी जोडलेले आणि त्या कामापलीकडेही नेणारे शिक्षण. भारतात १९९५ मध्ये पुदुच्चेरीत या नावाने पहिला प्रयोग झाला, आणि २०१३ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने तशी योजना आणली. नाव नसले तरी असे काम आपल्याकडे दोन ठिकाणी होते, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आणि लहान कला-वाणिज्य महाविद्यालयांत. दोन्हींच्या कारभारी मंडळांची रचना लिखित आहे. ती वाचावी.

२००७-०८ मध्ये केंद्राने १,३९६ शासकीय प्रशिक्षण संस्था उद्योगांच्या भागीदारीने सुधारण्याची योजना आणली. प्रत्येक संस्थेला अडीच कोटींचे बिनव्याजी कर्ज. तिच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्षपद उद्योगातील भागीदाराकडे, आणखी चार सदस्य त्यानेच सुचवलेले स्थानिक उद्योजक, उरलेले पाच राज्य सरकारचे, त्यांत एक शिक्षक आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी. महाविद्यालयांसाठी २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याच्या ९७ व्या कलमात महाविद्यालय विकास समिती आहे. तीत संस्थेचे अध्यक्ष व सचिव, निवडून आलेले तीन शिक्षक, एक शिक्षकेतर कर्मचारी, विद्यार्थी परिषदेचे दोन पदाधिकारी, आणि शिक्षण, उद्योग, संशोधन व समाजसेवा या क्षेत्रांतून व्यवस्थापनाने प्राचार्यांशी विचारविनिमय करून नेमलेले चार स्थानिक सदस्य. समाजसेवा हा शब्द येथे पुन्हा भेटतो. आणि हा विचारविनिमय ज्या प्राचार्यांशी करायचा त्यांची नेमणूक व्यवस्थापनानेच केलेली असते.

उद्योजकांनी या मंडळांवर असू नये असे आमचे म्हणणे नाही. शिरोलीतील अनेक कारखानदारांचे वडील वा आजोबा उद्यमनगरातल्या एखाद्या शेडमध्ये लेथवर उभे राहिलेले आहेत. हाताला तेल लागलेल्या माणसाची समज आम्ही कमी लेखत नाही. वितळलेल्या लोखंडाचे तापमान, वाळूची ओल, कोणते कास्टिंग का नापास झाले, हे त्याला कळते, आणि प्रशिक्षण संस्थेत कोणते यंत्र हवे हे तोच सांगू शकतो. पण हाच माणूस त्याच्याकडे रात्रपाळी करणाऱ्या मुलाला सकाळी साडेसातचा तास ठेवावा की संध्याकाळचा, यावर निर्णय देणार असेल तर तेथे त्याचे दोन हितसंबंध आमनेसामने येतात. त्या मुलाने संध्याकाळी कॉलेजात असावे की दुसऱ्या पाळीत? हा प्रश्न त्याच्या सद्‌गुणांचा नाही. तो कितीही भला असला तरी टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकटाच बसलेला आहे.

या सगळ्या रचनेत नाही तो मोल्डर. 'उद्योग' या शब्दाचा अर्थ उद्योजक असाच घेतला जातो. कायद्यात तसे लिहिलेले नाही. उद्योग क्षेत्रातील व्यक्ती म्हणून वीस वर्षे भट्टीवर काम केलेली बाई नेमायला कलम ९७ आडवे येत नाही. आडवा येतो तो आपला कान. 'उद्योग क्षेत्रातील मान्यवर' हे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांसमोर सफारी उभा राहतो. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मांडलेला मुद्दा हाच होता: कर भरतो कष्टकरी, शिक्षण पोचते भलतीकडे. आज अनुदानित महाविद्यालयातील प्राध्यापकाचा पगार सरकारी तिजोरीतून येतो, त्या तिजोरीत मोल्डरने घेतलेल्या चहापुडीचाही कर आहे, आणि नेमणुकीच्या कागदावर सही मात्र शेती व समाजसेवा करणाऱ्याची.

हा प्रश्न केवळ आपला आहे असेही नाही. अमेरिकेत स्कॉट निअरिंग या अर्थशास्त्राच्या अध्यापकाला १९१५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विश्वस्तांनी काढून टाकले. बालमजुरीविरुद्ध तो बोलत असे. त्याने दोनच वर्षांनी काय केले? देशभरातील महाविद्यालयांच्या विश्वस्तांचे व्यवसाय मोजले आणि छापले. व्यापारी, कारखानदार, बँकवाले, वकील यांचेच राज्य निघाले. १९१८ मध्ये थॉर्स्टाइन व्हेब्लेनने व्यापाऱ्यांच्या हातातील उच्च शिक्षणावर पुस्तक लिहिले, १९२३ मध्ये अप्टन सिंक्लेअरने तोच विषय कादंबरीकाराच्या तिखटपणाने मांडला. तेथील कम्युनिटी कॉलेजांनी पुढे निराळी रीत स्वीकारली. कॅलिफोर्नियात अशा महाविद्यालयांचे विश्वस्त त्या भागातील मतदार निवडतात आणि मंडळावर एक विद्यार्थीही बसतो. निवडणुकीने सर्व सुधारते असे कोल्हापूर जिल्ह्यात राहणारा माणूस म्हणू शकत नाही. साखर कारखाना आणि दूध संघ यांच्या निवडणुका पाहिलेल्यांना मतपेटीबद्दल फार भाबडे राहता येत नाही. तरीही निवडणुकीत उमेदवाराला व्यवसाय सांगावा लागतो, आणि ऐकणारा हसू शकतो, इतके तरी घडते.

आमची खरी तक्रार मात्र आपल्याच मंडळींविरुद्ध आहे. मराठी साहित्याला हा विषय नवा नाही. भालचंद्र नेमाड्यांच्या 'बिढार', 'हूल', 'जरीला' आणि 'झूल' या चार कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील गावोगावच्या खाजगी कॉलेजांत प्राध्यापकी करत फिरतो, आणि त्या कॉलेजांचे चालक, त्यांच्या जाती, त्यांचे गटतट हा त्या कादंबऱ्यांचा कणा आहे. त्यांवर आपल्या विद्यापीठांत किती प्रबंध झाले असतील! देशीयता झाली, शैली झाली, अस्तित्ववाद झाला. प्रबंध लिहिणारा तासिका तत्त्वावर शिकवत होता, त्याची नेमणूक दरवर्षी नव्याने होत होती, ती करणाऱ्या मंडळात कोण होते हे त्याने प्रबंधात सोडा, स्वतःशीही लिहून ठेवले नाही. ग्रामीण साहित्यावर चर्चासत्र भरवायचे, उद्घाटनाला संस्थेच्या अध्यक्षांना बोलवायचे, त्यांचा 'शेतकरीपुत्र' म्हणून परिचय करून द्यायचा, आणि संध्याकाळी मानधनाच्या पाकिटासह घरी जायचे. असे परिचय आम्हीही ऐकून घेतले आहेत. संहितेतील मौन वाचण्याचे प्रशिक्षण ज्यांना पगार देऊन दिले जाते त्यांनी 'समाजसेवा' या पाच अक्षरांपुढे मात्र निरक्षर व्हायचे, याला काय म्हणावे?

आणि हे मौन फुकट नाही. मराठीचे विशेष स्तरावरचे वर्ग 'मागणी नाही' म्हणून बंद होतात, तेव्हा मागणी कोणी मोजली, कोणत्या पाळीत मोजली, हे विचारायला मंडळात कोणी नसते. ग्रंथालय पाच वाजता बंद होते आणि पहिली पाळी सुटते त्यानंतर मुलगा अंघोळ करून, बस पकडून पोचेपर्यंत कुलूप लागलेले असते. विश्वस्तांपैकी एकाच्याही घरात पाळी नाही, म्हणून ही अडचण कोणाला सुचतच नाही. यात दुष्टावा नाही. पण असल्या लहान लहान न सुचण्यांतून एक अख्खी पिढी पुस्तकांपासून लांब राहते.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या नियामक मंडळाची चौथ्या कलमाखालची यादी सूचनाफलकावर लावावी, व्यवसायाच्या रकान्यासकट. 'शेती' लिहिणाऱ्याने ज्या कारखान्याचा, बँकेचा, संघाचा तो पदाधिकारी आहे त्याचेही नाव लिहावे. मंडळातील सदस्यांचे परस्परांशी नाते असेल तर तेही लिहावे. चुलते, पुतणे, सुना यांची वंशावळ काढायला विद्यार्थ्यांना लावू नये. विकास समितीतील चार स्थानिक जागांपैकी उद्योगाची जागा एकदा मालकाला दिली तर पुढच्या मुदतीत कामगाराला द्यावी. ज्या विद्यार्थी प्रतिनिधींना कायद्याने तेथे बसण्याचा हक्क दिला आहे त्यांना बैठकीची सूचना आणि कार्यपत्रिका वेळेवर मिळावी, आणि ती मराठीत असावी.

यांतील पहिल्या गोष्टीसाठी तर कोणाच्या परवानगीचीही गरज नाही. त्याच १८६० च्या कायद्याचे एकोणिसावे कलम सांगते की निबंधकाकडे दाखल झालेली कागदपत्रे कोणाही व्यक्तीला पाहता येतील. मूळ कायद्यात त्याचे शुल्क एका वेळच्या पाहणीला एक रुपया असे लिहिलेले आहे. एम.ए. भाग दोनच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवे असतात, आणि दरवर्षी तेच ते विषय दिले जातात. या वर्षी आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना हा विषय देणार आहोत.